टँडम सायकल: मागच्या सीटचा अभिप्राय

टँडम, म्हणजे दोघांनी पुढे-मागे बसून चालवायची सायकल, घ्यावी की नाही या घोळात असताना मी मिळतील तेवढे अभिप्राय वाचून काढले होते. सगळे पुढे बसणाऱ्यांनी लिहिलेले. ‘वळणावर जरा जड जाते, सरळ रस्त्याला सुसाट, उतारावर एकदम स्थिर.’ आणि शेवटी एक ठरलेली ओळ: ‘पत्नीलाही आवडली.’ पत्नीला नेमकं काय आवडलं, तिला रस्ता दिसत होता का, तिचं बूड दुखलं का, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलेलं नाही. म्हणून हा अभिप्राय मागून. तेरा दिवस, सहाशेच्या आसपास किलोमीटर, दोन खिंडी, तीन नद्या आणि डोळ्यांसमोर सतत एकच पाठ.

आधी सायकलीबद्दल. ही आम्ही वापरलेली घेतली. आधीच्या मालकांनी चाकं, गिअर, सीटा असं बरंच काही बदललेलं. मूळचं म्हणावं तर फ्रेम आणि तिचा बाटलीसारखा हिरवा रंग. कौतुक कुणाचं आणि तक्रार कुणाची हे सांगता येत नाही, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. स्टीलची फ्रेम, लांबी २.४ मीटर, रिकामी असताना वजन २० किलो. मागच्या चाकाला ४० स्पोक. रिमला धरणारे ब्रेक दोन, आणि मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मध्यभागी, तिसरा, ड्रम ब्रेक. या तिसऱ्या ब्रेकबद्दल बरंच लिहायचंय, पण त्याच्या जागी.

ज्यांनी टँडम जवळून पाहिली नाही त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की ही डबल सीट नव्हे. डबल सीटला मागचा माणूस म्हणजे सामान. टँडमला मागचाही तेवढंच पायडल मारतो. डाव्या बाजूची एक चेन दोघांच्या पायडलांना एकमेकांशी बांधून ठेवते, आणि मागच्याच्या पायडलांपासून उजवीकडची नेहमीची चेन चाकाला जाते. पुढचा थांबला की माझे पाय थांबतात, पुढच्याने घाई केली की माझे पाय घाई करतात. मांडी आखडली म्हणून क्षणभर पाय सोडायचे, तर तेही दोघांनी मिळून. काही टँडममध्ये मागच्याला आपले पाय वेगळे थांबवता येतील अशी सोय असते, आमच्यात नाही. हँडल मलाही आहे, पण ते वळत नाही. पुढच्या सीटच्या दांड्याला घट्ट आवळलेलं आहे. धरायला आहे, एवढंच. इंग्रजीत पुढच्याला कॅप्टन म्हणतात आणि मागच्याला स्टोकर, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा ओतणारा. हे मला सायकल घेऊन झाल्यावर कळलं.

घेतली का, तर आमच्या चालीत फरक आहे म्हणून. आधी आम्ही दोन सायकलींवर फिरायचो. हे पुढे, मी मागे. प्रत्येक चढाच्या माथ्यावर हे थांबून माझी वाट बघायचे आणि मी धापा टाकत पोचले की म्हणायचे, “चला!” म्हणजे विश्रांती कुणाची झाली? ज्याला गरज नव्हती त्याची. लांबच्या दौऱ्यावर निघणाऱ्या कुठल्याही जोडप्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. टँडमवर हा प्रश्नच मिटतो. दोघं एकाच वेळी माथ्यावर पोचतात, आणि दमलेलंही दोघांचं एकमेकांना कळतं, कारण ते पायात येतं.

वाट आम्ही व्हिया क्लाउडिया आउगुस्टाची निवडली. जर्मनीत डॅन्यूबच्या काठच्या डोनाउव्योर्थपासून निघायचं, लेख नदीच्या काठाने वर फ्युसेनपर्यंत, तिथून ऑस्ट्रियात शिरून फर्नपास, मग इन नदीचं खोरं, मग रेशेनची खिंड ओलांडून इटलीत, आणि आदिजे नदीच्या काठाने खाली व्हेरोनापर्यंत. मूळ रस्ता रोमनांचा. रोमन सेनापती ड्रुसस याने आल्प्समधून वाट काढली आणि त्याचा मुलगा सम्राट क्लाउडियस याने तिचा पक्का रस्ता केला. इसवी सन ४६ मधला तसा मैलाचा दगड मेरानजवळच्या राबलांडला सापडलेला आहे. बापाने पुढे जाऊन दिशा ठरवली आणि नाव मात्र मागून आलेल्याचं लागलं, हे मागच्या सीटवरून वाचताना फार बरं वाटतं.

टँडमवर चढणं हाच एक विधी आहे. पुढच्याने सायकल दोन पायांमध्ये घेऊन दोन्ही ब्रेक दाबून खांबासारखं उभं राहायचं. मग मागच्याने चढायचं, दोन्ही पाय पायडलवर ठेवायचे आणि पायडल उलटी फिरवून पुढच्याला हवं तसं आणून द्यायचं. इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही. मी पायडल उलटी फिरवली की पुढचीही फिरतात, आणि पुढच्याने पाय फाकलेले नसतील तर ती थेट नडगीवर बसतात. पहिल्या सकाळी डोनाउव्योर्थमध्ये मी उत्साहाने पाय फिरवला आणि पुढून जो आवाज आला तो अजून कानात आहे. त्या नडगीवरचा निळा डाग फ्युसेनला पोचेपर्यंत पिवळा झाला. एकदा चढल्यावर मात्र मागच्याचं राज्य. सिग्नलला, फाटकाला, कुठेही थांबलो तरी मी पाय खाली टेकत नाही. पुढचा माणूस सगळा डोलारा सांभाळून उभा, आणि मी वर बसून बाटलीतलं पाणी पिते.

लेखच्या काठचे पहिले चार दिवस सपाटीचे, सौम्य चढाचे. (नदीचं नावच लेख, मराठी माणसाला तिच्या काठी बसून काहीतरी लिहावंसं वाटलं तर नवल नाही.) टँडमची खरी मजा इथे कळते. दोघांची ताकद एकाच चाकात जाते आणि वारा अडतो जवळपास एकाच माणसाएवढा, कारण मी पूर्णपणे यांच्या आडोशाला. एरवी एकटीने सामानासकट ताशी अठराने जाताना मला जेवढा दम लागतो, तेवढ्यात आम्ही चोवीसने जात होतो. लांड्सबेर्गच्या अलीकडे सडसडीत सायकलींवरची दोन तरुण पोरं आमच्या मागे येऊन लागली. आडोसा घ्यायला टँडमसारखी गोष्ट नाही. पाचेक किलोमीटर आमच्या मागे फुकट आली आणि हात करून गेली.

आता बोलण्याबद्दल, कारण टँडमचा निम्मा कारभार बोलण्यावर चालतो. मला पुढचा रस्ता दिसत नाही. खड्डा आला तर तो यांच्या पुढच्या चाकाला टाळता येतो, पण मी बसलेय बरोबर मागच्या चाकावर, आणि माझं बूड खड्डा बघून उचलता येत नाही. गिअर बदलताना दोघांनी पायातला जोर कमी करायचा असतो. मी बेसावध असेन तर चेन कडाडते. म्हणून प्रत्येक गोष्ट आधी सांगावी लागते. पहिल्या दिवशी हे सांगायचे, “अगं, जरा पुढे एक खड्डा दिसतोय,” आणि वाक्य संपेपर्यंत खड्डा मागे पडलेला असायचा. दुसऱ्या दिवशी आम्ही शब्द ठरवले. ‘दे’ म्हणजे जोर लाव. ‘सोड’ म्हणजे गिअर बदलतोय, पाय हलका कर. ‘उड’ म्हणजे खड्डा, बूड उचल. ‘धर’ म्हणजे तुझा ब्रेक लाव.

हे झालं यांच्याकडून माझ्याकडे. माझ्याकडून यांच्याकडे जाणाऱ्या शब्दांचा घोळ वेगळाच. तेहतीस वर्षं मी यांना ‘अहो’ म्हणत आले आहे. ‘अहो, जरा थांबता का?’ हे वाक्य सायकलीवर म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ताशी तीसच्या वेगाने सायकल पंधरा-वीस मीटर पुढे जाते. शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलंय, हिशेब माझा पक्का आहे. पण जीभ वळेना. मी आपली ‘अहो, मागून गाडी!’ करत राहिले, फर्नपासपर्यंत.

फर्नपास १२१२ मीटर उंच. लेर्मोसकडून चढताना सायकलींची वाट मोटारींचा रस्ता सोडून जंगलातून जाते, खडीची आणि ठिकठिकाणी तीव्र. बरेच लोक इथे सायकली वाहून नेणाऱ्या गाडीने खिंड पार करतात. आम्हीही विचारलं होतं, पण आमची लांबी ऐकून तिकडून नकार आला. टँडमच्या नशिबी हे सगळीकडे आहे: रेल्वेचे डबे, लिफ्ट, हॉटेलच्या सायकली ठेवायच्या खोल्या, सगळं एका सायकलीच्या मापाचं. एका स्टेशनवर तर सायकल फलाटावरून डब्यात वळवताच येईना, आणि गाडी आमच्यादेखत गेली. घेण्यापूर्वी हे नीट ऐकून ठेवा. फ्रेम सुटी करता येणारी टँडम मिळते, आणि पुन्हा घेतली तर मी तीच घेईन. असो. आम्ही फर्नपास चढलो, त्यातला बराचसा ढकलत. एकट्याची सायकल एकट्याने ढकलायची असते. टँडम ढकलताना एकाने हँडल धरायचं आणि दुसऱ्याने मागून लोटायचं. तिथेही मी मागेच.

खरा प्रकार उतारावर झाला. ड्रम ब्रेकची दांडी आधीच्या मालकांनी मागच्या हँडलला बसवलेली होती. जुन्या गिअरच्या दांडीसारखी, खेचाल तिथे राहणारी. म्हणजे तिसरा ब्रेक माझ्या हातात. पण यांना वाटायचं की मागून कुणी ब्रेक लावला तर पुढच्याचा अंदाज चुकेल. “राहू दे, मी बघतो,” असं म्हणून हे आपल्या दोन ब्रेकवरच उतरत होते. खडी, वळणं, त्यामुळे वेग कमी ठेवायचा, आणि त्यासाठी ब्रेक सतत दाबलेले. उतरताना मला रबर तापल्याचा वास यायला लागला. मागे बसलेल्याला वास आधी येतात. मी दोनदा म्हटलं, “अहो, वास येतोय.” हे म्हणाले, “जंगलाचा असेल.”

तेव्हा मी पहिल्यांदा ओरडले, “थांब!”

थांबले. फर्नस्टाइनच्या तळ्यापाशी वाट जरा रुंद झाली होती, तिथे सायकल झाडाला टेकवली. तळं बघण्यासारखं आहे, हिरवं-निळं, मध्ये छोटं बेट. यांचं लक्ष तळ्याकडे, माझं चाकाकडे. मी मागच्या रिमला बोट लावलं आणि तसंच मागे ओढलं. बोटाच्या टोकाला फोड आला. बाटली काढून बोटावर पाणी ओतत होते, थांबून दोन मिनिटं झाली असतील नसतील, तेवढ्यात मागचं चाक फुटलं. बंदुकीसारखा बार. तळ्यावरची बदकं उडाली. रिमच्या उष्णतेने ट्यूब गेली होती. चालत्या सायकलीला निदान वारा लागतो. थांबल्यावर तोही गेला आणि रिममधली सगळी उष्णता टायरमध्ये शिरली. वळणावर असताना हे झालं असतं तर काय, हे आम्ही दोघांनीही बोलायचं टाळलं.

हिशेब सोपा आहे, मी तिथेच बसून केला. आम्ही दोघं मिळून १२५ किलो, सायकल २०, सामान आणि पाणी ३०. एकूण १७५. एवढं ओझं अडीचशे मीटर खाली उतरलं की सुमारे ४३० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. सव्वा लिटर गार पाण्याला उकळी फुटेल एवढी. वेगाने उतरलं तर त्यातली बरीच वारा खातो. हळू उतरलं तर जवळपास सगळी ब्रेकमध्ये जाते. एकट्याच्या सायकलीला निम्मं ओझं आणि तेवढेच दोन रिम. टँडमला ओझं दुप्पट, रिम तेच दोन. म्हणून तिसरा ब्रेक. आधीच्या मालकांनी तो हौसेने बसवलेला नव्हता. हे सगळं मी ट्यूब बदलता बदलता यांना सांगितलं. यांनी ऐकून घेतलं. मग पंप बाजूला ठेवून म्हणाले, “तू मघाशी मला थांब म्हणालीस.”

“म्हणाले.”

“नाही, बरं झालं म्हणतो.”

तिथपासून नियम झाला: उतार लागला की वेग धरून ठेवायचं काम माझ्या ड्रमचं, आणि वळणाआधी वेग तोडायचं काम यांच्या दोन ब्रेकचं. तेही दाबून सोडायचे, सतत दाबून ठेवायचे नाहीत. ड्रम स्वतः प्रचंड तापतो, त्याला उतरल्यावर हात लावू नये, पण तो टायरपासून लांब आहे. त्यानंतर उरलेल्या सगळ्या प्रवासात मला एकदाही रबराचा वास आला नाही. पुढच्या सीटवरचे अभिप्राय ‘ड्रम ब्रेक ऐच्छिक’ असं लिहितात. ज्यांना डोंगरात सामान घेऊन जायचंय त्यांच्यासाठी तो ऐच्छिक नाही, आणि त्याची दांडी मागच्याच्याच हातात असावी. मागच्याला करायला दुसरं काही नसतं, त्यामुळे त्याचं ब्रेककडे पूर्ण लक्ष असतं.

चढाची गोष्ट वेगळी. तिथे वारा नसतो, आडोशाचा फायदा नाही, फक्त वजन. टँडम चढाला मंद असते हे खरंच आहे, आणि दोघांची लय जुळली नाही तर आणखी मंद. आमची परीक्षा इनच्या खोऱ्यात झाली. लांडेकपासून नदीच्या काठाने वर मार्टिनापर्यंत गेलो की तेवढ्यापुरतं स्वित्झर्लंड लागतं. तिथून अकरा हेअरपिन वळणांनी नोर्बर्ट्सह्योहेचा घाट चढून पुन्हा ऑस्ट्रियातल्या नाउडर्सकडे, आणि पुढे रेशेन ओलांडून इटलीत. एका दिवसात तीन देश. घाट सहा किलोमीटरच्या आसपास, चढ पावणेचारशे मीटरचा.

इथे गिअरबद्दल सांगायलाच हवं. सायकल घेतली तेव्हा पुढचं सगळ्यात छोटं चक्र ३० दातांचं होतं. ते काढून आम्ही २६ दातांचं लावून घेतलं. मागे सगळ्यात मोठं ३४. म्हणजे पायडलाच्या एका फेरीत सायकल पावणेदोन मीटरही जात नाही. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी सहा किलोमीटर, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाएवढा वेग. ऐकायला हास्यास्पद वाटतं. पण त्या घाटाला एवढं ओझं त्या वेगाने चढवायला दोघांना मिळून दोनशे वॅटच्या आतच लागतात, प्रत्येकी शंभरसुद्धा नाहीत, आणि साठीच्या दोन माणसांना तासभर ते जमतं. आम्हाला जमलं. तीनदा थांबलो, त्यातलं एकदा फक्त फोटोसाठी. जुन्या गिअरवर आम्ही पाचव्या वळणाला उतरून ढकलत गेलो असतो. टँडमवर खर्च करायचा तर आधी या चक्रावर करा, कार्बनच्या कुठल्याही वस्तूवर नंतर.

चढताना मागच्या सीटचं एक सुख आहे, ते मात्र कुणीच लिहिलेलं नाही. पुढच्याला सायकल सरळ ठेवायची असते. सहाच्या वेगाला ती डुलते, आणि मी मागे हललेलं सगळं पुढे जाणवतं, म्हणून मी फक्त बूड घट्ट ठेवून पाय मारायचे. बाकी बघायला मोकळी. मी दरी बघितली, नदी लहान होत गेलेली बघितली, खालच्या वळणावरची माणसं मोजली. एकदा बराच वेळ डोळे मिटून पायडल मारलं. पॅरालिम्पिकमध्ये दृष्टिहीन सायकलपटू टँडमवर असेच मागे बसतात आणि पुढे डोळस पायलट असतो. डोळे मिटल्यावर चढ उताराला कधी लागला हे आधी पायांना कळतं, आणि यांच्या श्वासावरून वळण येतंय हेही कळायला लागतं. डोळे उघडले तर बाराव्या मिनिटालाही तीच पाठ. जर्सीच्या उजव्या खिशाची शिवण उसवत आलीय, हे तेरा दिवस मी बघत होते आणि सुईदोरा होता हॉटेलवर ठेवायच्या पिशवीत.

रेशेनच्या तळ्यातला चर्चचा मनोरा मला आधी दिसला. यांची नजर रस्त्यावर, माझी बाजूला. १९५० साली विजेसाठी धरण झालं आणि ग्राउन गाव पाण्याखाली गेलं. चौदाव्या शतकातल्या चर्चचा मनोरा तेवढा पाण्यातून वर उभा आहे. मी “डावीकडे” म्हटलं, यांनी वळून बघितलं, आणि सायकलही डावीकडे वळली. टँडमवर पुढच्याला काही दाखवायचं असेल तर आधी थांबवायचं. फोटो काढायचं खातं माझ्याकडे होतं. चारशेवर फोटो आहेत आणि निम्म्या फोटोंच्या कोपऱ्यात यांचं हेल्मेट आहे.

रेशेनपासून खाली ग्लुर्न्सपर्यंत सहाशे मीटरचा उतार, आणि तो आम्ही उतरलो तसा मी आयुष्यात कुठला उतार उतरले नाही. ड्रमची दांडी माझ्या चिमटीत. “धर.” एक खाच ओढायची. “आणखी.” अजून एक. “सोड.” जड टँडम उतारावर आगगाडीसारखी जाते, लचकत नाही, पुढच्या सीटवाल्यांचं ते ‘एकदम स्थिर’ अगदी खरं आहे. खाली पोचून मी रिमला बोट लावलं. कोमट. फोडाच्या शेजारच्याच बोटाने तपासलं.

पुढे मेरानपर्यंत सफरचंदांच्या बागांमधून उतरती वाट आहे. ती सुंदर आहे आणि तिच्याबद्दल टँडमच्या संदर्भात एवढंच लिहिण्यासारखं की मेरानच्या जरा आधी ती अरुंद नागमोडी वळणांनी खाली येते आणि तिथे २.४ मीटरची सायकल वळत नाही. उतरायचं, मागचा भाग उचलून फिरवायचा, पुन्हा चढायचं. वळण संपलं की पुढचं. मागून येणारी कुटुंबं सौजन्याने थांबून बघत होती.

बोल्झानोच्या खाली वारा. उन्हाळ्यात दुपारी डोंगरातल्या खोऱ्यांत वारा खालून वर वाहतो, म्हणजे नदीबरोबर खाली निघालेल्या माणसाच्या तोंडावर. आदिजेच्या खोऱ्यात दुपारी दक्षिणेकडून येणाऱ्या अशा वाऱ्याला ‘ओरा’ म्हणतात. ‘नदीच्या काठाने उतार’ असं वाचून निघालेले लोक इथे रडकुंडीला येतात. रस्त्यावर एकेकटे सायकलवाले मान खाली घालून ताशी बारा-तेराने चाललेले, आणि आमची हिरवी आगबोट त्यांच्या शेजारून वीसने. हे वाऱ्याला तोंड देत होते, मी सावलीत. पुढे जाणाऱ्यांना आम्ही हात करून आमच्या मागे घेतलं. त्रेंतोला पोचलो तेव्हा आमच्या मागे सात जण होते. त्यातलं एक जोडपं वेगवेगळ्या सायकलींवर होतं, आणि त्यातली बाई आमची सायकल फार वेळ निरखून बघत होती.

आता तक्रारी, एकदाच.

डावीकडची चेन ताणलेली राहावी म्हणून पुढचा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलं ज्यावर फिरतात तो आस, एका विकेंद्री गोळ्यात, म्हणजे मध्यापासून जरा बाजूला, बसवलेला असतो. तो गोळा अ‍ॅलन कीने फिरवला की चेन ताणली जाते. कल्पना उत्तम. पण पावसात भिजलं की त्या गोळ्यातून आवाज येतो. इम्स्टच्या आधी सहा तास पाऊस लागला आणि तिथून पुढे डाव्या पायाच्या प्रत्येक दाबाला ‘कीं’. दिवसभर. मला वाटलं माझं पायडल, यांना वाटलं माझी सीट, आणि दोघांनाही दोष आपला नाही याची खात्री. लांडेकला गोळा बाहेर काढून पुसून ग्रीस लावलं तेव्हा बंद झालं. दौऱ्याला निघताना तिथे ग्रीस भरूनच निघावं.

सामान. दोन सायकलींना मिळून आठ पिशव्या लागू शकतात. टँडमला माणसं दोनच पण जागा चार पिशव्यांना. ज्यांना तंबू, चूल, सगळं न्यायचंय त्यांनी ट्रेलरचा विचार करावा. आम्ही कपड्यांचे प्रत्येकी दोनच जोड घेतले आणि त्याचा मला काही त्रास झाला नाही. यांना झाला.

सीट. मागच्याला स्प्रिंगच्या दांड्याची सीट हवीच, याला पर्याय नाही. ‘उड’ ऐकून बूड उचललं तरी दहात तीन खड्डे हे सांगायला विसरतात. आमच्याकडे तो दांडा होता, नसता तर हा अभिप्राय मी उभ्याने लिहिला असता.

टायर ३५ मिलिमीटरचे होते; डांबराला ठीक, फर्नपासच्या खडीला अपुरे. फ्रेममध्ये जागा असेल तर ४० च्या वरचे घालावेत. गुण द्यायचे तर सपाटीला आणि वाऱ्याला दहापैकी दहा, उताराला ड्रमसकट नऊ आणि ड्रमशिवाय शून्य, चढाला सहा, रेल्वेत चढवायला एक.

परत आल्यावर ‘थांब’ आणि ‘धर’ सायकलीच्या हुकाला टांगून ठेवले. घरात पुन्हा ‘अहो’. परवा मी म्हटलं, “अहो, पुढच्या दौऱ्याला मी पुढे बसते.” हे लगेच तयार झाले, जरा जास्तच लगेच. आम्ही रिकाम्या मैदानावर प्रयत्न केला. टँडमची फ्रेम पुढे मोठी, मागे लहान अशीच बनवलेली असते. पुढे बसायचं तर माझे पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि पुढची सीट खाली घेतली की तिच्या दांड्याला बसवलेलं मागचं हँडलही खाली येतं. त्यात यांचे गुडघे अडकले. वीस मीटर गेलो. यांनी ‘खड्डा कुठेय, खड्डा कुठेय’ म्हणून जीव खाल्ला, आणि ड्रम ब्रेक विनाकारण दोनदा ओढला.

पुढे माझ्या उंचीची आणि मागे पाच फूट दहा इंचाच्या माणसाच्या उंचीची, स्टीलची, सुटी होणारी, ड्रम ब्रेकची वापरलेली फ्रेम कुणाच्या पाहण्यात असेल तर कळवा. रंग कुठलाही चालेल. माझी उंची पाच फूट एक.